पेरॉक्सिझोम मोडायचा कोणता, हे पेशी कसे ठरवते?

श्रोतेहो, नमस्कार. पेशीत पेरॉक्सिझोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. पटल एकेरी, व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापासून हजाराव्या भागापर्यंत. २२ किंवा त्याहून जास्त कार्बन अणूंची लांबलचक मेदाम्ले मायटोकॉन्ड्रियाला पेलत नाहीत. ती आधी इथे तोडून आखूड केली जातात. या कामात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि आतलेच कॅटलेज हे विकर लगेच त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. हा मेळ बिघडला की पिशवी पेशीच्याच मुळावर उठते. तशी वेळ सहसा येत नाही, कारण सस्तन प्राण्यांच्या पेशीत पेरॉक्सिझोमचे अर्धायुष्य जेमतेम दोन दिवसांचे असते. जुने मोडायचे आणि नवे घडवायचे, हा पेशीचा नित्याचा व्यवहार आहे.

मोडणी होते ती मुख्यतः स्वभक्षणाने, म्हणजे ऑटोफॅजीने. पेरॉक्सिझोमपुरत्या निवडक ऑटोफॅजीला पेक्सोफॅजी म्हणतात. पण एका पेशीत शेकडो पेरॉक्सिझोम असताना नेमका कोणता उचलायचा, हे कसे ठरते? माझ्या मते या विषयातला सगळ्यात रंजक भाग हाच आहे, कारण निवाडा होतो तो पेरॉक्सिझोमच्या दारात.

पेरॉक्सिझोमकडे स्वतःचा डीएनए नसतो. आतली सगळी प्रथिने बाहेर, पेशीद्रवात तयार होतात आणि पेक्स-५ नावाचा हमाल त्यांतली बहुतेक उचलून आत पोचवतो. माल उतरला की हमालाला बाहेर पडावे लागते. त्यासाठी त्याच्या एका ठरावीक सिस्टीनवर (हे एक अमिनो आम्ल) युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाचा एक रेणू जोडला जातो, आणि पेक्स-१ व पेक्स-६ यांची एटीपीवर चालणारी मोटर त्याला पटलातून ओढून काढते. मोटर बंद पडली, तर युबिक्विटिन लागलेला पेक्स-५ पटलातच अडकून राहतो. अशा अडकलेल्या खुणा साठल्या की पेशी त्या पिशवीला निकामी समजते.

खूण लागण्याच्या आणखी वाटा आहेत. अमिनो आम्लांचा तुटवडा पडला की पेक्स-२ हे विकर वाढते आणि पेक्स-५ बरोबरच पीएमपी-७० या पटलातल्या प्रथिनालाही युबिक्विटिन लावते. ऑक्सिडीकरणाचा ताण आला, तर एटीएम हे विकर पेक्स-५ च्या १४१ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडते, आणि मग २०९ व्या जागेवरच्या लायसीन या अमिनो आम्लावर युबिक्विटिन चढते. उलट बाजूला यूएसपी-३० हे विकर युबिक्विटिनच्या खुणा पुसत बसलेले असते. लावणारे आणि पुसणारे यांच्यात कोण वरचढ ठरते, त्यावर पिशवीचे भवितव्य.

पुढचे काम एनबीआर-१ या प्रथिनाचे. त्याचे एक टोक युबिक्विटिनला धरते, दुसरा भाग थेट पेरॉक्सिझोमच्या पटलात रुततो, आणि तिसरा एलसी-३ ला पकडतो. हे एलसी-३ ऑटोफॅजीच्या वाढत्या दुहेरी पटलावर बसलेले असते. पटल पिशवीभोवती गुंडाळले जाते, तोंड मिटते आणि ते लायसोझोमशी, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीशी, जुळते. तिथल्या आम्लात प्रथिनांची अमिनो आम्ले होतात, पटलातले मेद सुटे होतात आणि सगळा माल पुन्हा पेशीद्रवात येतो. पिशवी फार मोठी असेल तर आधी तिची फाळणी व्हावी लागते, त्यामुळे विभाजनाची यंत्रणा बिघडली की मोडणीही मंदावते.

यीस्टमध्ये खुणेची रीत वेगळी आहे. तिथे युबिक्विटिनऐवजी पेक्स-३ ला चिकटणारा खास ग्राही असतो: बेकरीच्या यीस्टमध्ये एटीजी-३६, पिकिया पास्टोरिसमध्ये एटीजी-३०. पिकियाला मिथेनॉलवर वाढवले की पेरॉक्सिझोम फुगून पेशीत गर्दी करतात. मग ग्लुकोज दिले, तर रिक्तिका, म्हणजे यीस्टमध्ये लायसोझोमचे काम करणारी मोठी पिशवी, स्वतःच त्यांच्या पुंजक्याला कवेत घेऊन गिळते. इथेनॉल दिले, तर एकेक पिशवी वेगळी गुंडाळली जाते. अन्न बदलून मोडणीची रीतच बदलता येते, म्हणून अभ्यासकांना पिकिया फार सोयीची.

आता मोजणीबद्दल, कारण चुका इथेच होतात. पेरॉक्सिझोम कमी दिसले म्हणजे मोडणी वाढली, असे सरळ म्हणता येत नाही. घडणच कमी झालेली असू शकते. लायसोझोमचे काम बॅफिलोमायसिन या रसायनाने थांबवून पाहावे. संख्या पुन्हा वाढली, तरच मोडणीचा संशय पक्का. एटीजी-५ किंवा एटीजी-७ ही ऑटोफॅजीला लागणारी प्रथिने नसलेल्या पेशींत तोच प्रयोग करून खात्री करावी. दुसरा उपाय दुहेरी रंगाचा: हिरवे आणि लाल असे दोन्ही चमकणारे प्रथिन पेरॉक्सिझोममध्ये पाठवायचे. लायसोझोमच्या आम्लात हिरवा विझतो, लाल टिकतो, म्हणून नुसता लाल ठिपका म्हणजे गिळलेली पिशवी. मात्र आयातच बिघडलेली असेल, तर हे प्रथिन पेशीद्रवातच पसरते आणि पिशव्या नाहीतच असा भास होतो. तिथे पीएमपी-७० सारखी पटलाची खूणच वापरावी.

झेलवेगर गटातल्या, म्हणजे पेरॉक्सिझोम नीट न घडण्याच्या आनुवंशिक आजारांत अनेक रुग्णांचा दोष पेक्स-१ मध्ये असतो. अशा पेशींत ऑटोफॅजी रोखली, तर पिशव्यांची संख्या वाढल्याचे प्रयोगात दिसले, आणि उपचार सापडला असे वाटू लागले. पण पुढे कार्य तपासले, तेव्हा ते सुधारलेले आढळले नाही. यात नवल नाही. पिशव्या वाचल्या, तरी मोटर बंदच, पेक्स-५ दारात अडकलेलाच, आणि माल आत जात नाही तो नाहीच.