गॉथ फेस्टिव्हलमध्ये जपानी बँड बघायचाय? मग आधी हॉलचा दरवाजा समजून घ्या

नमस्कार मंडळी. व्हिज्युअल केईवरच्या, म्हणजे भडक मेकअप आणि नाट्यमय पोशाखवाल्या जपानी रॉक बँडवरच्या व्हिडिओखाली तोच प्रश्न फिरून फिरून येतोय. "आमचा जपानी बँड जर्मनीतल्या लाइपझिगच्या गॉथ फेस्टिव्हलमध्ये वाजवणार आहे, तिकीट काढलंय, आता फक्त पोहोचायचं ना?" नाही. पोहोचायचं हे सोपं काम आहे. आत शिरायचं कसं, यासाठी आजचा व्हिडिओ.

सोपं काम भरभर उरकते. फेस्टिव्हलचं नाव वेव्ह-गोटिक-ट्रेफेन. १९९२पासून लाइपझिगमध्ये होतं, २०२० आणि २०२१ला कोरोनामुळे झालं नाही. तारीख दरवर्षी बदलते, कारण ते पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीला धरून असतं. ईस्टरच्या रविवारात ४९ दिवस मिळवा, तो फेस्टिव्हलमधला रविवार. शुक्रवार ते सोमवार कार्यक्रम. २०२७चा पेंटेकॉस्ट १६ मेला आहे, म्हणजे फेस्टिव्हल १४ ते १७.

व्हिसा शेंगेनचा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी, कमीत कमी १५ दिवस आधी. फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. मुंबई-पुण्याकडचे लोक बँडची नेमकी वेळ जाहीर व्हायची वाट बघत बसतात. बसू नका. नावं थोडी थोडी करून महिनोन्‌महिने आधी येतात, पण कुठल्या दिवशी, कुठल्या हॉलमध्ये, किती वाजता, हे अगदी तोंडावर कळतं. चारही दिवसांचं बुकिंग करून मोकळे व्हा. बर्लिनला उतरलात तर तिथून लाइपझिग वेगवान गाडीने साधारण सव्वा तास.

[स्क्रीनवर: मनगटावरचा कापडी पट्टा]

आता मुद्द्याचं. तिकीट देऊन हा पट्टा घ्यायचा. चार दिवस काढायचा नाही, अंघोळीलासुद्धा नाही. तुटला की संपलं, म्हणून बांधून घेताना बोट जाईल इतका सैल ठेवायला सांगा. याच पट्ट्यावर शहरातल्या ट्राम आणि बसही चालतात. आणि इथेच सगळ्यांची गल्लत होते. पट्टा म्हणजे फेस्टिव्हलमध्ये प्रवेश. तुमच्या बँडच्या हॉलमध्ये जागा, असा त्याचा अर्थ नाही.

हे एका मैदानातलं फेस्टिव्हल नाही, शहरभर पसरलेलं आहे. दक्षिणेला आग्रा, ताजमहालवालं नव्हे, पूर्व जर्मनीच्या काळातलं शेती प्रदर्शनाचं मैदान. तिथला हॉल सगळ्यात मोठा. कॉन्नेविट्झमध्ये वेर्क त्स्वाय. पश्चिमेला प्लागविट्झकडे फेल्सेनकेलर आणि टॉयब्शेनटाल. मध्यभागी जमिनीखाली मोरिट्झबास्टाय, म्हणजे जुन्या तटबंदीतली विटांच्या कमानींची तळघरं. एकूण माणसं वीस हजारांच्या आसपास, पट्टा सगळ्यांचा सारखाच. हॉल मात्र काही हजारांचे आणि काही जेमतेम काहीशेचे. हॉल भरला की दार बंद. मग एक माणूस बाहेर आला की एक आत. तुम्ही मुंबईहून आलात, हा बँड पहिल्यांदाच युरोपात आलाय, हे दारावरच्या माणसाला सांगून उपयोग नाही. अग्निसुरक्षेची मर्यादा असते, ती त्याच्या हातात नसते.

म्हणून पहिला नियम: बँडचं नाव दिसल्यावर वेळ नंतर बघा, आधी हॉल बघा. आग्रा असेल तर निवांत. छोटा हॉल असेल तर त्या संध्याकाळचे बाकीचे बेत खोडा.

यावर लगेच कमेंट येते, "ताई, पोस्टरवर आमच्या बँडचं नाव बारीक अक्षरात आहे, एवढी गर्दी कशाला होईल?" होते, कारण जपानी बँड युरोपात क्वचित येतो. फ्रान्स, पोलंड, चेक प्रजासत्ताकातून माणसं फक्त त्या एका बँडसाठी येतात, त्यांना बाकीच्या गॉथ बँडशी देणंघेणं नसतं. मालिस मिझेर या जुन्या व्हिज्युअल केई बँडच्या काळापासूनचे चाहते आहेत, त्याच बँडचा गिटारवादक माना याने २००२मध्ये सुरू केलेल्या म्वा दिस म्वा या बँडचे आहेत. शिवाय लेस, छत्री आणि उंच टाचांवाले नुसते बघायला येतात ते वेगळेच. पोस्टरवरच्या अक्षरांच्या आकारावरून गर्दीचा अंदाज बांधू नका.

[स्क्रीनवर: नकाशा, आग्रा ते प्लागविट्झ]

आता तेच ट्रामच्या बाजूने बघा. समजा पावणेआठपर्यंत आग्र्याला एक बँड बघितला आणि साडेआठला प्लागविट्झमध्ये तुमचा जपानी बँड आहे. कागदावर पाऊण तास आहे. प्रत्यक्षात आग्र्याच्या हॉलमधून बाहेर पडायला दहा-पंधरा मिनिटं. मग ११ नंबरची ट्राम, आणि ती भरलेली, कारण तुमच्यासारखेच शेकडो जण तीच पकडतायत. क्रिनोलिनचे, म्हणजे आतून सांगाडा लावून फुगवलेले घागरे घातलेले चार जण चढले की अर्धा डबा संपला. मग गाडी बदलायची. मी तुम्हाला दारापासून दारापर्यंत किमान एक तास धरायला सांगेन. आणि त्या तासाच्या शेवटी रांग आहे, ती या हिशोबात अजून आलेलीच नाही.

दुसरा नियम मग आपोआप निघतो. तुमच्या बँडच्या आधीचा बँड सुरू व्हायच्या आधी हॉलमध्ये असा. छोटा हॉल असेल तर त्याच्याही आधीचा. दोन बँडच्या मध्ये स्टेज बदलायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेव्हा थोडे लोक बाहेर जातात, पुढची जागा मोकळी होते. आत असाल तरच ती तुमची.

"पण आधीचा बँड मला आवडतच नाही!" ही कमेंट दर वेळी येते, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. नका आवडून घेऊ. कानात इअरप्लग घाला आणि भिंतीला टेकून उभे राहा. विमानाचं तिकीट काढून, व्हिसाची फाइल करून एवढ्या लांब जायचं आणि चाळीस मिनिटांचं नावडतं संगीत नको म्हणून बंद दाराबाहेरून बेस ऐकायचा, याला काय म्हणायचं?

तिसरी बाजू म्हणजे आत आल्यावर बाहेर पडणं. सिगारेट, बियर, भूक, वॉशरूम. भरलेल्या हॉलमधून अंगणात गेलात की तुम्ही पुन्हा रांगेत शेवटचे. खाणं आणि बाकीचे विधी आत यायच्या आधी उरका. रविवारी, आणि पेंटेकॉस्टची सुट्टी म्हणून सोमवारीही जर्मनीत सुपरमार्केट बंद असतात, मुख्य स्टेशनमधली काही दुकानं रविवारी उघडी सापडतात; तेव्हा सोमवारचं खाणं शनिवारीच घेऊन ठेवा.

मर्चंडाइजचीही हीच भानगड. टी-शर्ट आणि चेकी, म्हणजे बँडचे इन्स्टंट फोटो, थोडेच आणलेले असतात, लवकर संपतात. टेबल हॉलच्या आत असेल तर आत शिरल्या शिरल्या घ्या. बाहेर असेल तर दोघांनी वाटून घ्या: एकाने जागा धरायची, एकाने खरेदी. एकटे असाल तर आधी जागा, टी-शर्टचं नशीब नंतर. रोख युरो ठेवा, कार्ड चालेलच असं नाही. जपानी मापाचा शर्ट एक नंबर मोठा घ्या.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. जपानमधल्या त्यांच्या स्वतःच्या शोची डीव्हीडी बघून जाल तर हिरमोड होईल. तिथे दोन-अडीच तास असतात, इथे साधारण पाऊण तास ते तास. पूर्ण साउंड चेक सहसा मिळत नाही. माइक आणि तारा चालतायत ना, एवढं बघतात आणि सुरू. म्हणून पहिल्या गाण्यात आवाज दबलेला किंवा गिटार जास्त वाटली तर लगेच बँडला नावं ठेवू नका, मिक्सरवरचा माणूस तेव्हा आवाज बसवत असतो. आवाज नीट हवा असेल तर मिक्सरच्या टेबलासमोर उभे राहा. चेहरे बघायचे असतील तर पुढे जा, पण तिथे गायकापेक्षा ड्रम आणि अँप जास्त ऐकू येतात. अँकोअर, म्हणजे लोकांच्या आग्रहाखातर शेवटी आणखी गाणी, बहुतेक नाही. दिवे लागले, पुढच्याचं सामान आलं, की संपलं. फ्लॅश कधीच नको, आणि दारावर चित्रीकरण बंद अशी पाटी असेल तर फोन खिशात.

कपड्यांबद्दल दोनच गोष्टी, कारण बाकी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. एक, वेशभूषेत चाकू, तलवार किंवा खरी वाटणारी बंदूक नको. जर्मनीत सार्वजनिक कार्यक्रमात चाकू बाळगायला बंदी आहे आणि खेळण्यातली बंदूकसुद्धा अडचणीत आणते. दोन, आणि हे आपल्या लोकांसाठी खास: गळ्यातलं स्वस्तिक किंवा शर्टावरचं जपानी मांजी, म्हणजे बौद्ध स्वस्तिक, घरी ठेवा. कायदा नाझी चिन्हाविरुद्ध आहे, पूजेतल्या स्वस्तिकाविरुद्ध नाही, पण काळ्या कपड्यांतल्या गर्दीत रात्री अकरा वाजता पोलिसांना हा फरक कोण समजावणार?

परतीचं विचारलंय बऱ्याच जणांनी. रात्रीच्या गाड्या मुख्य स्टेशनवरून एकत्र सुटतात, ठरलेल्या वेळा १:११, २:२२, ३:३३ अशा लक्षात राहणाऱ्या आहेत. तरी त्या आठवड्याचं वेळापत्रक ट्राम कंपनीच्या ॲपवर बघून घ्या, फेस्टिव्हलसाठी ते बदलतं. कॅम्पिंग करणार असाल तर आग्र्याच्या तंबूंसाठी पट्ट्याशिवाय वेगळं कार्ड लागतं, ते तिकिटाबरोबरच घ्या.

तुमच्या बँडचा हॉल जाहीर झाला की खाली लिहा, किती आधी जायचं ते त्या हॉलप्रमाणे सांगते. फक्त "पोस्टरवर नाव बारीक आहे" असं लिहू नका.