नोकरी एकीची, कागद चौघांचे

नमस्कार श्रोतेहो.

मी मूळची मिरजेची. बारा वर्षं इथल्याच एका शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवलं आणि २०२२ साली शारजाला गेले, नवरा आणि दोन मुलं मागून आली. तिथल्या भारतीय शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते, म्हणून सध्या माहेरी आहे. आले की चहाला बोलावणं येतं, आणि चहा अर्धा होईतो विषय तोच निघतो. "आमच्या हिचं बीएड झालंय, इंग्रजीच शिकवते. तिकडं काही होईल का? सगळ्यांनाच घेऊन जाता येईल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. होईल. पदवी आणि बीएड असलेल्या, इंग्रजी नीट बोलणाऱ्या शिक्षिकेला आखातातल्या सीबीएसई शाळा अजूनही बोलावतात. सगळ्या देशांचं असं नाही. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायचा व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी ठेवलेला आहे, अमेरिका, ब्रिटन वगैरे. भारताबरोबरचा व्यापार करार २०१० पासून लागू झाला, त्यानं शिक्षकी पात्रता असलेल्या आपल्या लोकांसाठी एक फट उघडली, पण ती फटच. म्हणून मी बोलणार ते शारजा-दुबई ज्यात येतात त्या संयुक्त अरब अमिरातीबद्दल, जे मला ठाऊक आहे तेवढंच.

खरी गोम दुसऱ्या प्रश्नात आहे. नोकरी एकीला लागते, पण कागद चौघांचे लागतात. हे मला नियुक्तीपत्र हातात पडल्यावर कळलं, आणि तोवर उशीर झाला होता.

आता कागद म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण इथंच सगळे अडकतात. अमिरातीत तुमची पदवी नुसती दाखवून चालत नाही, ती साक्षांकित लागते. आधी विद्यापीठ ती खरी असल्याचं सांगतं, मग मुंबईत राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा, आणि तिथं गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. ज्या देशांनी अपोस्टीलचा, म्हणजे मूळ देशाचा एकच शिक्का पुरे मानण्याचा, करार मान्य केलाय, उदाहरणार्थ ओमान, त्यांच्यासाठी वकिलातीचा फेरा वाचतो. अमिरातीसाठी वाचत नाही.

माझी बीएची पदवी मी काढलेलीच नव्हती! गुणपत्रिका होती, तात्पुरतं प्रमाणपत्र होतं, त्यावर बारा वर्षं नोकरी झाली. पदवीदान समारंभाला कोण जातं? मग कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात अर्ज भरला. बीएडचं प्रमाणपत्र होतं, पण वडिलांनी कौतुकानं त्याला लॅमिनेशन करून ठेवलेलं. शिक्के मागच्या बाजूला बसतात, आणि प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. मिरजेतल्या झेरॉक्सवाल्यानं इस्त्री जेमतेम गरम करून, वर सुती रुमाल टाकून, एका कोपऱ्यातून ते प्लॅस्टिक सोडवायला घेतलं. तासभर मी त्या कोपऱ्याकडे बघत उभी होते. कुलगुरूंच्या सहीचा शेपटा तेवढा प्लॅस्टिकबरोबर निघून गेला, बाकी वाचलं. तुमच्या घरात कुणी प्रमाणपत्रं लॅमिनेट करायला निघालं असेल तर आजच थांबवा.

आणि नाव. आपल्याकडे बाईच्या नावाची केवढी यात्रा असते! माझ्या पदवीवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण परक्या देशातल्या कारकुनासमोर या सरळ सरळ दोन बायका असतात. मग राजपत्रातली नावबदलाची नोंद, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि मुख्य म्हणजे लग्नाचा दाखला. आमचं लग्न मंगल कार्यालयात चारशे माणसांसमोर झालं, अल्बम आहे, व्हिडिओ आहे, नोंदणी मात्र नव्हती. लग्नानंतर चौदा वर्षांनी आम्ही दोघं तीन साक्षीदार घेऊन नोंदणीला गेलो. लग्नात करवली असलेली माझी मावसबहीण साक्षीदार म्हणून आली आणि येताना गजरा घेऊन आली.

हा लग्नाचा दाखला आणि दोन्ही मुलांचे जन्मदाखले, तेही सगळे त्याच शिक्क्यांच्या वाटेनं जातात, फक्त मुंबईतलं खातं वेगळं. ते नसतील तर तुमची नोकरी होते, पण कुटुंबाचा व्हिसा होत नाही. मी पदवीच्या मागे लागले आणि हे दाखले मागे ठेवले. परिणाम असा की एप्रिलमध्ये मी एकटी गेले आणि घरचे ऑगस्टमध्ये आले. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता. रोज रात्री फोनवर तो मला पाढे म्हणून दाखवायचा आणि सतरावर अडला की फोन ठेवून द्यायचा.

पगाराचं बोलू. तिथं कुटुंबाला आणायचं तर पगार किमान ४,००० दिरहम हवा, किंवा ३,००० आणि वर राहायला घर. २०१९ पासून हा नियम बाई-पुरुष दोघांना सारखा आहे, हुद्दा कोणता ते बघत नाहीत. पण कितीतरी भारतीय शाळांचे सुरुवातीचे पगार याच रेषेच्या आसपास घुटमळतात. म्हणून पत्र आल्यावर दिरहमला रुपयांनी गुणत बसू नका. आधी बघा, रेषेच्या वर आहे का. मग मूळ पगार किती आणि भत्ते किती ते बघा. नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती फक्त मूळ पगारावर, पहिली पाच वर्षं दर वर्षाला एकवीस दिवसांची. समजा एकूण ५,००० आहेत. त्यात मूळ पगार २,००० दाखवला असेल तर पाच वर्षांचे होतात ७,०००. मूळ ३,५०० असेल तर तेच १२,२५०. शाळा तीच, फळा तोच, फरक कागदावरच्या एका आकड्याचा. आणि मुलांच्या फीमध्ये सवलत किती, एका मुलाला की दोघांना, हे लेखी घ्या. पगारवाढीसाठी भांडण्यापेक्षा या एका ओळीसाठी भांडलेलं परवडतं.

घराचं गणितही आपल्यासारखं नाही. तिथं भाडं महिन्याला देत नाहीत, वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात, कुठे चार, कुठे सहा. पहिला चेक, अनामत, दलालाची दलाली, वीज-पाण्याची अनामत, हे सगळं पहिला पगार होण्याआधी. आणि भाडेकरार नगरपालिकेत नोंदवल्याशिवाय कुटुंबाचा व्हिसा पुढे सरकत नाही. म्हणजे घरच्यांना आणायला घर हवं, आणि घर घ्यायला गाठीशी पैसे. मी माझ्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. सोडवल्या, काळजी नको.

एजंटांबद्दल थोडक्यात सांगते. पुण्यातल्या एका एजंटानं माझ्याकडे दीड लाख मागितले होते. सरकारकडे नोंदणी असलेल्या एजंटाला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढीच फी घेता येते. नोंदणी आहे की नाही ते ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर दिसतं. "सध्या व्हिजिट व्हिसावर या, नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर जाऊ नका. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथं गुन्हा आहे, आणि अडकता तुम्ही, एजंट नाही.

नवऱ्याचं काय, हा प्रश्न बायका मला स्वयंपाकघरात नेऊन, आवाज खाली करून विचारतात. आपल्याकडे नवऱ्याला यजमान म्हणतात. तिथल्या कागदावर मात्र यजमान मी, आणि हे माझे आश्रित. आमच्या नात्यात यावर पुष्कळ विनोद झाले. यांनी ते हसून घेतले, पण पहिले पाच महिने घरी बसणं यांना जड गेलं हे मी लपवणार नाही. आधी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात होते, दिवसभर फोन वाजायचा. तिथं सकाळी पावणेसातला आम्ही तिघं शाळेच्या बसनं गेलो की घरात फक्त एसीचा आवाज. बायकोच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याला नोकरी करता येते, नव्या मालकानं कामाचा परवाना काढला की झालं, व्हिसा बदलावा लागत नाही. हे आम्हाला आधी माहीत असतं तर ते महिने वाचले असते.

मुलांच्या शाळेचा एक तिढा लक्षात ठेवा. तिथल्या भारतीय शाळा एप्रिलच्या सुरुवातीला उघडतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये परीक्षा, निकाल एक मेला, दाखला त्यानंतर. त्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही, मग पुन्हा शिक्क्यांची रांग. म्हणजे मूल वर्गात पोचतं तेव्हा पहिली चाचणी होऊन गेलेली असते. आणि अरबी! नववीपर्यंत सक्तीची आहे. माझी मुलगी सहावीत गेली, वर्गातली मुलं पहिलीपासून अरबी लिहीत होती. ती उजवीकडून डावीकडे लिहायला शिकली, आणि पुढचे काही दिवस मराठीची वही मागच्या पानापासून सुरू करत होती.

आता ज्या कामासाठी गेले त्याबद्दल. इंग्रजी मी इथंही शिकवत होते असं मला वाटायचं. खरं तर मी मराठीतून इंग्रजी शिकवत होते. कर्तरी, कर्मणी, "बघा रे, राम आंबा खातो, आंबा रामाकडून खाल्ला जातो," की झालं. शारजातल्या पहिल्या तासाला समोर मल्याळी, तमिळ, बिहारी, पाकिस्तानी मुलं. मी अडले आणि सवयीनं "म्हणजे बघा" असं तोंडातून गेलं. अठ्ठावीस चेहरे, एकालाही ओ की ठो कळलं नाही. पायाखालची फळीच काढून घेतल्यासारखं झालं. मग खडू टेबलावर ठेवला, खिडकी उघडली आणि विचारलं, मी काय केलं? खिडकीचं काय झालं? कर्मणी प्रयोग त्या दिवशी खिडकीनं शिकवला. गेल्या उन्हाळ्यात इथल्या जुन्या शाळेत एक तास घेतला, तोही खिडकीपासूनच सुरू केला. मुलाखतीला जाणार असाल तर वीस मिनिटांचा एक धडा मराठीचा एकही शब्द न वापरता घेऊन बघा, घरच्यांसमोर. उच्चारांची फार धास्ती घेऊ नका. तिथं प्रत्येकाचा उच्चार कुठून तरी आलेला असतो.

शिकवण्यांबद्दल एकच. घरी शिकवणी घेणं ही आपली जुनी सवय, पण तिथं परवान्याशिवाय घेता येत नाही. २०२३ च्या डिसेंबरपासून त्यासाठी वेगळा परवाना मिळतो, दोन वर्षांचा आणि फुकट. तो काढा, मग घ्या.

शेवटी सामान. कुकर नेऊ का, पोळपाट नेऊ का, असं सगळ्या विचारतात. काही नेऊ नका, सगळं मिळतं, कढीपत्तासुद्धा. पुरणयंत्र तेवढं न्या. आणि एक गोष्ट मुळीच नेऊ नका, ती म्हणजे खसखस. अफूच्या बोंडातली म्हणून तिथं तिच्यावर बंदी आहे, आणि विमानतळावर सापडली तर प्रकरण तुरुंगापर्यंत जातं. खोकल्याची, दुखण्याची काही औषधंही त्याच यादीत आहेत, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी आणि परवानगी बघूनच पिशवी भरा.

पहिल्या दिवाळीला सासूबाई दुबईला येणाऱ्या एकाबरोबर अनारसे पाठवत होत्या. मी फोनवर ओरडलेच, "आई, खसखस नको!" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, मग अनारसा थापू कशावर?"

शेवटी त्यांनी तीळ लावले.