१९२ पॉइंट जास्त आले कुठून?

नमस्कार मंडळी! आज जरा वेगळंच पुराण लावणारे, विकिपीडियावरच्या एका लेखाचं. ज्युनियर युरोव्हिजन म्हणून युरोपातल्या मुलांची गाण्याची स्पर्धा आहे बघा, तिच्याबद्दलचे लेख तपासायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं होतं. २००३ ला कोपनहेगनमध्ये पहिली झाली, १६ देश होते, क्रोएशियाचा दिनो येलुसिच जिंकला. आता ह्यात तपासायचं ते काय, असं वाटतं ना? मलाही तसंच वाटलेलं.

सुरुवात केली गुणतक्त्यापासून, कारण तिथे बेरीज करता येते आणि बेरीज कुणाची बाजू घेत नाही. तेव्हा प्रत्येक देश आपल्या आवडत्या दहा गाण्यांना पॉइंट द्यायचा, १२, १०, आणि मग ८ पासून खाली १ पर्यंत, म्हणजे एका देशाचे झाले ५८. देश १६ असतील तर ५८ गुणिले १६, बरोबर ९२८. तक्त्याची बेरीज ९२८ आली की निदान टायपिंगची चूक नाही एवढी खात्री पटते. (दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं असेल तर मात्र आपण गेलो, तेही होतं कधीकधी.)

तर २००५ चा तक्ता काढला. देश तेव्हाही १६ च, आणि बेरीज आली ११२०. परत केली, परत ११२०. कॅल्क्युलेटरवर केली, कागदावर केली, शेवटी एकेक आकडा मोठ्याने वाचत केली, घरातले म्हणाले आता झोप बाबा. १९२ पॉइंट जास्त, आणि एखाद्या देशाचा आकडा चुकलाय म्हणावं तर फरक एवढा मोठा कसा? हात नुसते शिवशिवत होते, वाटत होतं लेखावर 'आकडे चुकीचे' अशी पाटी लावून मोकळं व्हावं. मग सहज १९२ ला १६ ने भागलं आणि आले नेमके १२! म्हणजे प्रत्येकाला बारा-बारा जास्तीचे. शोधल्यावर कळलं की त्या वर्षापासून नियमच केला होता, प्रत्येक स्पर्धकाला १२ पॉइंट आधीच हातात द्यायचे, का तर सगळ्यांसमोर कुठल्याही पोरावर शून्य घेऊन उभं राहायची वेळ येऊ नये. मला तो नियम इतका आवडला ना, की रात्रभर जागवल्याचा रागच गेला.

तिथे वाचलो, पण वयाच्या बाबतीत तोंडावर आपटलोच. २००६ ला बुखारेस्टमध्ये रशियाच्या तोल्माचोव्हा जुळ्या बहिणी जिंकल्या, लेखात वय लिहिलं होतं ९. मला नियम पाठ होता, कमीत कमी वय १०, म्हणून मी काही न बघता ९ चे १० करून टाकले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझं संपादन उलटवलेलं, आणि चर्चा पानावर फक्त एक ओळ, 'तो नियम कोणत्या वर्षीचा?' झालं! १० चा नियम आला २००७ ला, त्याआधी ८ ते १५ चालायचं, आणि २०१६ पासून पुन्हा बदलून ९ ते १४ केलं. मी पुढच्या वर्षीचा नियम मागच्या वर्षीच्या मुलींना लावला होता, आणि तोही बरोबर असलेल्या आकड्यावर!

तसंच यजमानपदाचं. मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये सहसा जिंकणाऱ्या देशात पुढची स्पर्धा होते, म्हणून लोक इथेही येऊन तसंच 'सुधारून' जातात. २००४ ची स्पर्धा आधी मँचेस्टरला ठरली होती, मग क्रोएशियात, आणि झाली शेवटी नॉर्वेतल्या लिलेहामरला. आता २००३ ची जुनी बातमी कुणी संदर्भ म्हणून आणली तर त्यात मँचेस्टर असणारच, बातमी खोटी नाही, फक्त स्पर्धेच्या आधीची आहे. म्हणून मी आता संदर्भ उघडला की पहिलं तारीख बघतो, मजकूर नंतर.

आणि एक वैताग म्हणजे गोल फिरणारे संदर्भ. कुणीतरी लेखात काहीतरी ऐकीव टाकतं, एखादी वेबसाइट ते जसंच्या तसं उचलते, आणि मग तीच वेबसाइट लेखाला पुरावा म्हणून जोडली जाते. अशा वेळी लेखाचा इतिहास उघडायचा, वाक्य आधी लेखात आलं की वेबसाइटवर ते बघायचं, पाच मिनिटांत चोरी सापडते.

एका जागी मात्र मी बेरीज-वजाबाकी करत बसत नाही. खालच्या नंबरावर राहिलेल्या एका मुलीबद्दल कुणीतरी लिहून ठेवलं होतं की ती स्टेजवर घाबरली, म्हणून हरली, आणि पुढे तिच्या शाळेचं नाव. संदर्भ कशालाच नाही. हयात माणसांबद्दल बिनसंदर्भाचं असं काही दिसलं की वाट न बघता काढायचं हा विकिपीडियाचा नियमच आहे, आणि हे तर लहान पोर. ती आता चांगली मोठी झाली असेल, स्वतःचं नाव सर्च करत असेल. दोन्ही वाक्यं काढली, सारांशाच्या चौकटीत 'संदर्भ नाही' एवढंच लिहिलं, आणि पुढच्या वर्षाचा तक्ता उघडला.