बैलाचा वार

श्रोतेहो, नमस्कार.

येळवस चार दिवसांवर आली आणि आमच्या गल्लीतला एक पोरगा रजेचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडं आला. तिकडं संभाजीनगरजवळ वाळूजला कारखान्यात असतो. अर्ज मोबाइलवरच पाठवायचा, पण मजकूर मास्तरांचा पाहिजे. मी चष्मा लावला आणि विचारलं, "कारण काय लिहायचं?" म्हणाला, "सर, ताप लिहा." म्हटलं, "अरे, तू येळवसेला घरी आलायस, शेतात जेवायला चाललायस, येळवसच लिही की." तर म्हणतो, "सर, तिकडं येळवस कुणाला कळती? ताप सगळ्यांना कळतो."

आता लातूर-धाराशिवच्या श्रोत्यांना येळवस काय ते सांगायला नको. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी बाजारपेठेत चहाची टपरीसुद्धा उघडी सापडत नाही. आमच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून त्या दिवसाची स्थानिक सुट्टी जाहीर होते, आणि मी आयुष्यात शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेलं सरकारी पत्रक तेवढंच. पण वाळूजच्या कारखान्याला ती लागू नाही. म्हणून धडधाकट पोराला ताप आणावा लागतो.

मी तीस वर्षं मास्तरकी केली. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, सगळं उपभोगलेला माणूस. हा कसला सुट्टीवर बोलतो, असं तुमच्या मनात आलं असेल तर बरोबर आहे. पण सुट्टी खाल्लेल्यालाच तिची चव सांगता येते.

आपल्याकडं दोन शब्द आहेत. एक सुट्टी आणि एक खाडा. सुट्टी म्हणजे हक्काचा दिवस. खाडा म्हणजे तुम्ही कामावरून पाडलेलं भोक, ते मजुरीतून भरून घेतलं जातं. सुट्टी वेगळी, खाडा वेगळा, एवढं आज लक्षात ठेवा. आपल्या बीडकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कारखान्यावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याला रविवार नाही, शनिवार नाही. बाई आजारी पडली, पाळीत पोट दुखलं, एक दिवस कोपीवर, म्हणजे झोपडीत, राहिली, की मुकादमाच्या वहीत खाडा. वर दंड. सुट्टी वेगळी, खाडा वेगळा, ते असं.

रविवार आकाशातून पडला असं आपल्याला वाटतं. आमचे आजोबा निजामाच्या शाळेत शिकले. त्यांची सुट्टी जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, तसा सुट्टीचा वारही बदलला. आजोबा म्हातारपणीसुद्धा शुक्रवारी उगाच उशिरा उठायचे. तिकडं मुंबईच्या गिरण्यांत तर कामगारांना सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचा माणूस, त्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि मालकांशी भांडून 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळवली. रविवार हा आपल्या खंडोबाचाही वार, हे त्यांचं म्हणणं. पुढं 1948 च्या कारखाना कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि एक दिवस सुट्टी आली. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. आठवडा किती दिवसांचा असावा हे माणसंच ठरवतात, आणि माणसंच बदलतात. आता कुणी बडे उद्योगपती म्हणतात सत्तर तास काम करा, कुणी म्हणतं नव्वद. म्हणोत. त्यांचा चहा कुणी तरी आणून देतं.

बरं, हे राहू द्या. वेळ थोडा आहे, आणि मला ज्यासाठी बोलावलंय, म्हणजे मी ज्यासाठी आलोय, ती गोष्ट सांगायची आहे.

औसा तालुक्यात आमचं गाव. घरी एक बैलजोडी आणि एक सालगडी. आम्ही लेकरं त्यांना मामा म्हणायचो. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, पाडवा ते पाडवा. रोख किती, ज्वारीची पोती किती, धोतरजोडा, चप्पल, घोंगडी. बहात्तरचा दुष्काळ होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आजोबा ओट्यावर बसलेले, मामा खाली पायरीवर. आजोबा म्हणाले, "यंदा एक पोतं वाढवून देतो."

मामा म्हणाले, "पोतं नको मालक. बैलाचा वार द्या."

"बैलाचा वार म्हंजे?"

"सोमवार. सोमवारी आपण औत जुपत न्हाई. बैलाला सुट्टी. मला कामून न्हाई?"

तुम्हाला माहीत आहे, सोमवार महादेवाचा, नंदीच्या मानेवर जू ठेवायचं नाही. पण बैल बसला म्हणून गडी बसत नसे. उलट सोमवारी कामं तुंबलेली असत. सरपण फोडा, गोठा सारवा, कडबा रचा, दावी वळा. आजोबा हसले. म्हणाले, "अरे, बैल माझा आहे." मामा म्हणाले, "मी बी सालभर तुमचाच की."

हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं? दुष्काळातून. त्या साली मामा दुष्काळी कामावर खडी फोडत होते, सुकडी खाऊन. आमच्या भागात बाजारच्या दिवशी ते काम बंद असायचं. उपाशी वर्षात माणसाला पहिल्यांदा कळलं, की आठवड्यात एक रिकामा दिवस असू शकतो.

दोन तास घासाघीस झाली. शेवटी आजोबा म्हणाले, "घे तुझा वार, पोतं मिळणार न्हाई." संध्याकाळी मामांची बायको तणतणत आमच्या दारात. "माझं माणूस पोतं सोडून वार घेऊन आलंय. आता वार काय जात्यात घालून दळू?" आजीनं तिला आत नेलं. पुढं सालभर आजी गुपचूप पायली-पायलीनं तिला ज्वारी देत राहिली, असं मला आईनं फार उशिरा सांगितलं.

आला पहिला सोमवार. आम्हाला वाटलं, मामा घरी झोपतील. तर सकाळी नऊला अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, मामा आमच्याच ओट्यावर येऊन बसले. पायरीवर नाही, ओट्यावर. आजी म्हणाली, "आलास बरं झालं, तेवढं सरपण फोड." मामा शांतपणे म्हणाले, "बाई, मी आज आलोच न्हाई."

आजीनं कपाळाला हात लावला. स्वतःच्या नाही, मामांच्या. ताप आहे का बघायला. बघा, तेव्हाही तापच!

मग चहाची वेळ झाली. जे आहे ते सांगितलं पाहिजे. त्या काळी गड्याचा कप वेगळा असायचा, गोठ्याच्या कोनाड्यात पालथा घातलेला. पण हा माणूस तर आज आलेलाच नाही. मग ओट्यावर बसलाय तो कोण? आजी चुलीपाशी थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग घरातल्या कपबशीत चहा आला. मामांनी बशीत ओतून सावकाश प्यायला. मंगळवारी पुन्हा कोनाडा.

मी विचारलं होतं, "मामा, घरी का बसत नाही?" म्हणाले, "घरी बसलो तर बायको काम सांगती. पारावर बसलो तर लोक इचारतेत, काम सुटलं का. आन् मला बगायचं बी हाय, माझ्याबिगर तुमचं कसं चालतंय."

आमचं काही चालत नव्हतं. सोमवारी वडील शेण काढायचे, आजोबा वैरण टाकायचे, आणि मामा ओट्यावरून बघायचे. मधेच तोंडातून काही सूचना येऊ लागली की स्वतःच्या तोंडावर हात ठेवायचे.

आणि मामांच्या बायकोचा सोमवार? आजीचा सोमवार? तो कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही. येळवसेला आपण शेतात कोपीपुढं बसून भज्जी, उंडे खातो, आंबील पितो, किती मोकळं वाटतं म्हणतो. पण रात्री दोन वाजता उठून ती भज्जी शिजवतं कोण? जाता जाता सांगतो, हल्ली शहरात तिकीट लावून हुरडा पार्ट्या चालतात. प्लास्टिकच्या ताटात हुरडा. मला ते बघवत नाही. हुरडा हातावर मळून खायचा, तोंड काळं झालं पाहिजे. असो, विषय तो नाही.

विषय असा, की पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आपण बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावतो आणि म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." बैलाला कुणी विचारत नाही, सुट्टी कशाला पाहिजे, कारण काय, ताप किती. बैलाला सुट्टी आहे, खाडा नाही. सुट्टी वेगळी, खाडा वेगळा.

काचेपलीकडून खूण होते आहे, दोनच मिनिटं उरलीत. तेवढ्यात त्या सालातला श्रावण सांगतो.

सोमवार होता. सकाळची वेळ, मामा ओट्यावर. आजोबा दाव्याला गाठ मारत होते, ती नीट बसली नाही. बैल सुटला आणि थेट शेजाऱ्याच्या मुगात. सगळं घर ओरडायला लागलं. सगळ्यांची नजर मामांकडं. तो बैल मामांशिवाय कुणाला आवरत नव्हता, एक हाक मारली की थांबायचा. मामा उठून उभे राहिले. ओट्याच्या कडेपर्यंत आले. तिथं थांबले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "आरं, कुणी तरी बैल धरा की!"

आजोबा साठीच्या पुढचे. धोतराचा सोगा हातात धरून बांधाबांधानं पळाले. अर्ध्या तासानं बैल घेऊन आले, चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले. बैल बांधला आणि धापा टाकत मामांच्या शेजारी ओट्यावर बसले. मामांना राहवलं नाही. हळूच म्हणाले, "मालक, पाणी आणू का?"

आजोबा म्हणाले, "गप बस. तू आज आलाच न्हाईस."

नमस्कार.