हजेरी, पास आणि गिरणीचा भोंगा

(दृश्य: सोलापूर, सेटलमेंट परिसरातील गल्ल्या)

सोलापुरातील या परिसरात ब्रिटिश अमलात तारेच्या कुंपणाची एक वसाहत होती. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, कंजारभाट, टकारी अशा जमातींची कुटुंबे मुलाबाळांसह तिथे ठेवली जात. आत येण्यासाठी न्यायालयात गुन्हा शाबीत व्हावा लागत नसे. त्या जमातीत जन्म झालेला असणे पुरेसे होते.

(दृश्य: गुन्हेगार जमाती कायद्याची छापील प्रत, कलमांवरून सरकणारा कॅमेरा)

१८७१ साली उत्तर हिंदुस्थानासाठी केलेला हा कायदा १९११ साली मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्याची रीत नीट पाहण्याजोगी आहे. प्रांतिक सरकार राजपत्रातून एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करी आणि त्या घोषणेच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. त्यानंतर जमातीतील लोकांना बोलावून त्यांची नोंद होई व बोटांचे ठसे घेतले जात. ठसे देण्यास नकार देणे हाच शिक्षेस पात्र गुन्हा होता. मग नेमलेल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर पास घ्यायचा, आणि पासाशिवाय हद्दीबाहेर सापडलेल्या माणसाला पोलीसच नव्हे, तर गावचा पाटील किंवा जागल्याही वॉरंटाविना पकडू शकत असे. आईबापांपासून मुले वेगळी करून त्यांना सुधारशाळेत ठेवण्याची तरतूदही याच कायद्यात होती. चोरी करण्यापूर्वीच चोर ठरवणारी ही यंत्रणा कागदावर मात्र अत्यंत शिस्तबद्ध दिसते.

(दृश्य: जुन्या गिरणीचे आवार)

कायद्यात या वसाहतींना ‘औद्योगिक, शेतकी किंवा सुधारणात्मक’ अशी विशेषणे आहेत, आणि सोलापुरात पहिले विशेषण अक्षरशः खरे ठरले. जुनी मिल, विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांच्या या शहरात वसाहतीतील माणसे गिरणीकाम करू लागली. नियमित मजुरी हाच सुधारणेचा मार्ग, अशी अधिकाऱ्यांची श्रद्धा होती. परंतु ज्या कामगाराला गाव सोडण्यासाठी पास लागतो, तो मजुरी परवडत नाही म्हणून दुसरीकडे जाणार कसा?

ही माणसे पूर्वी निरुद्योगी नव्हती. बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहणाऱ्या जमाती होत्या, शिकारीवर आणि जंगलातील मालावर जगणाऱ्याही होत्या. रेल्वेने, जी १८६० साली सोलापुरात पोहोचली, वाहतुकीचा धंदा हिरावला. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाची वाट अडवली. पोट भरण्याचे जुने मार्ग राज्यानेच बंद केले आणि उरलेल्या भटकंतीला गुन्हा म्हटले.

(दृश्य: जर्मनीतील मोझेल नदीकाठच्या जंगलाची जुनी चित्रे)

हाच प्रश्न १८४२ साली कार्ल मार्क्स यांच्यापुढे ऱ्हाईनलँडमध्ये उभा राहिला होता. तेथील प्रांतिक सभेत झडलेल्या लाकूडचोरीविषयक चर्चेवर चोवीस वर्षांच्या या पत्रकाराने लेखमाला लिहिली. गरिबांनी जंगलात पडलेल्या काटक्या वेचणे हा परंपरेने चालत आलेला हक्क असताना कायदा त्याला चोरी ठरवत होता. नुकसानीची किंमत ठरवणारा वनरक्षक हा जंगलमालकाचाच नोकर होता, आणि दंडाची रक्कमही मालकाच्या खिशात जाणार होती. आर्थिक हितसंबंधांचा विचार आपल्याला प्रथम या प्रकरणामुळे करावा लागला, असे मार्क्स यांनी पुढे नमूद केले आहे. १९३९ साली रूशे आणि किर्शहाइमर या अभ्यासकांनी हे सूत्र शिक्षेला लावले: कोणती शिक्षा प्रचलित होते, हे श्रमाच्या बाजारावरही अवलंबून असते.

आमच्या मते सोलापूरच्या वसाहतीला हे सूत्र बऱ्याच अंशी लागू पडते, मात्र पूर्ण बसत नाही. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, ही समजूत कारखानदारांनी जन्माला घातलेली नव्हती. ती जातिव्यवस्थेत तयारच होती आणि साहेबाने ती उचलली. केवळ मालक आणि मजूर एवढ्याच भाषेत बोलणाऱ्या विश्लेषणातून हा भाग निसटतो.

(दृश्य: वस्तीतील आजची वर्दळ)

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला; त्यात जमातीऐवजी व्यक्तीची नोंद होते, तरी पोलिसांचा संशय आजही वारंवार याच वस्त्यांकडे वळतो.