फोटो घरात ठेवायचे तर

(दृश्य: लॅमिंग्टन रोडवरचं दुकान. एकावर एक रचलेले काळे डेस्कटॉप.)

ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून लॅमिंग्टन रोडला लागलं की असे ढीग दिसतात. ऑफिसांनी एकगठ्ठा काढून टाकलेले हे पीसी. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं ऑफिसांना नकोशी झाली. फायली सांभाळायच्या कामाला मात्र यांच्यात गरजेपेक्षा जास्तच ताकद आहे.

यातल्या एका यंत्राचं आपण घरचं नॅस करणार आहोत. नॅस म्हणजे राउटरला जोडलेली घराची सामाईक साठवण. प्रत्येकाच्या फोनमधले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, स्कॅन केलेले कागद, सगळं एका जागी; घरातल्या कुठल्याही फोनवर किंवा लॅपटॉपवर उघडणारं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ला बंद झाली. तेव्हापासून फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबीत बसवायचं, नाहीतर दर महिन्याला पैसे भरायचे. नॅसचे तयार डबे बाजारात मिळतात, पण ते बहुतेक रिकामेच येतात आणि डिस्क घेण्याआधीच बजेटचा मोठा भाग खातात. आपल्याला तो पैसा डिस्कवर खर्च करायचा आहे.

(दृश्य: कॅबिनेट उघडलेलं. टॉर्चच्या उजेडात मदरबोर्ड.)

दुकानदाराला झाकण उघडायला सांगा. साडेतीन इंची दोन डिस्क आत बसतात का? डिस्क जोडायचे, म्हणजे साटाचे, निदान तीन पोर्ट आहेत का? दोन डिस्कना दोन आणि सिस्टिमसाठीच्या लहानशा एसएसडीला एक. अगदी चपट्या कॅबिनेटमध्ये बहुधा एकच मोठी डिस्क मावते, म्हणून थोडं उभं, रुंद कॅबिनेट बघा. ८ जीबी रॅम पुरे.

डिस्क मात्र नव्या घ्या. जुनी घ्यायचीच वेळ आली तर तिच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी, वाचून घ्या. वर्षभर अखंड चाललेली डिस्क ८,७६० तास भरते, त्यावरून तिचं वय कळतं. बदललेले सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे) आणि वाचायचे अडलेले सेक्टर, या दोनपैकी एक आकडा जरी शून्याच्या वर असला तरी ती डिस्क परत द्या. नव्या डिस्कमध्येही एक भेद आहे. काही डिस्कवर माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण जुन्या मजकुरावर पुन्हा लिहायला वेळ लागतो. २०२०मध्ये उघडकीला आलं, की नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कमध्येही हेच तंत्र होतं आणि गिऱ्हाइकाला ते सांगितलेलं नव्हतं. म्हणून मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या) की सीएमआर (पट्ट्या वेगवेगळ्या) ते पाहा, आणि सीएमआर घ्या.

(दृश्य: स्क्रीनवर इन्स्टॉलेशन चाललं आहे.)

सॉफ्टवेअरला एक पैसा लागत नाही, आणि त्यामागे काही माणसांची अनेक वर्षांची मेहनत आहे. १९९१च्या अखेरीस कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल हा विद्यार्थी नेटवर्कच्या तारेवरून जाणारे संदेश न्याहाळत बसला. पीसी एकमेकांशी फायलींबद्दल काय बोलतात ते त्यानं उलगडलं आणि तसंच बोलणारा प्रोग्राम लिहिला. तोच पुढे सांबा झाला. तुमचा विंडोज लॅपटॉप लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या यंत्रातला फोल्डर उघडतो तो सांबामुळे. जर्मनीच्या फोल्कर थाइले यांनी २०११ साली लिनक्सच्या डेबियन या प्रकारावर ओपनमीडियाव्हॉल्ट हे नॅसचं सॉफ्टवेअर उभं केलं. त्यात सांबा तयारच असतो, आणि सगळी व्यवस्था ब्राउझरमधून लावता येते. आपण तेच घालतो आहोत.

(दृश्य: ४ टीबीच्या दोन डिस्क शेजारी शेजारी.)

आता या दोन डिस्कचं काय करायचं? बहुतेक जण सांगतील, रेड १ लावा, म्हणजे एक डिस्क दुसरीचा आरसा होईल. घरासाठी मला हे पटत नाही.

१९८८ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली. मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवाढव्य संगणकाच्या, एका महागड्या डिस्कऐवजी पीसीच्या पुष्कळ स्वस्त डिस्क जोडाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. डिस्क वाढल्या की एखादी बंद पडण्याची शक्यताही वाढते, म्हणून थोडी माहिती जादा लिहून ठेवायची. एक डिस्क गेली तरी काम थांबणार नाही. काम थांबू न देणं ही बँकेची गरज आहे. घरात डिस्क बंद पडली तर नवी येईपर्यंत दोन दिवस वाट बघता येते.

घरातली संकटं वेगळी असतात. कोणीतरी चुकून अख्खा फोल्डर उडवतो. लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर शिरतं आणि त्याला लिहायची मुभा असलेला प्रत्येक सामाईक फोल्डर कुलूपबंद करतं. मे २०१७मधलं वॉनाक्राय तर विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या भोकातूनच जगभर पसरलं होतं. आरसा अशा वेळी कामाचा नाही: पहिल्या डिस्कवरून गेलेलं त्याच क्षणी दुसरीवरूनही जातं.

म्हणून पहिली डिस्क सगळ्यांसाठी खुली, आणि दुसरी नेटवर्कवर कुणालाच दिसणार नाही अशी. रोज रात्री आरस्नॅपशॉट हा मोफत प्रोग्राम पहिलीची प्रत दुसरीवर काढतो. सात दिवसांच्या, चार आठवड्यांच्या, सहा महिन्यांच्या प्रती वेगवेगळ्या राहतात. न बदललेल्या फायलीला दुसऱ्यांदा जागा लागत नाही, म्हणून हे सगळं त्याच ४ टीबीत मावतं. फक्त पहिली डिस्क काठोकाठ भरू देऊ नका. तोटा एवढाच, की दिवसा डिस्क गेली तर त्या दिवसाची भर जाईल. फोटोंच्या बाबतीत ती भर अजून फोनमध्ये असते.

(दृश्य: राउटरच्या मागची केबल.)

हळू चालणाऱ्या नॅसमध्ये बऱ्याचदा दोष केबलचा असतो. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. जोडणाऱ्यानं चारच जोडल्या असतील तर वेग १०० मेगाबिटवर अडकतो, आणि ५०० जीबी भरायला साडेबारा तास लागतात. आठही तारा, कॅट ५ई केबल आणि दोन्हीकडे गिगाबिटचा पोर्ट असेल, तर तेच काम दीड तासाच्या आत होतं. राउटरचा पोर्टच १०० मेगाबिटचा असेल, तर गिगाबिटचा एक छोटा स्विच मधे लावा.

विजेचा हिशेब सरळ आहे. असं यंत्र सरासरी २५ वॉट घेत असेल तर महिन्याला १८ युनिट. महावितरणच्या बिलात १०० युनिटनंतरचा टप्पा महाग पडतो, हे धरूनच जुनं जाडजूड गेमिंगचं यंत्र या कामाला लावू नका. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर अदलाबदल होईपर्यंत पीसी बंद पडू शकतो. यूएसबीनं जोडलेला छोटा यूपीएस त्याहून बरा, कारण बॅटरी उतरत आली की तो नॅसला तसं कळवतो आणि नॅस स्वतःला नीट बंद करतं.

(दृश्य: खिडकीबाहेर पाऊस.)

दोन्ही प्रती एकाच खोलीत आहेत, तोवर काम अर्धंच झालंय. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २२ जुलै २०२१ला चिपळुणात घराघरांत पाणी शिरलं. तळमजल्यावर ठेवलेलं काहीच वाचत नाही अशा वेळी. म्हणून तिसरी प्रत दुसऱ्या गावी. एक पोर्टेबल डिस्क, पासवर्डनं कुलूपबंद केलेली, बहिणीकडे किंवा गावच्या घरी. दिवाळीला, गणपतीला जाल तेव्हा बदलून आणायची.

बाहेरून नॅस उघडायचं असेल तर राउटरवर पोर्ट उघडू नका, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायची वाट ठेवू नका. वायरगार्ड या मोफत तंत्रावर चालणारं व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतची कुलूपबंद वाट, वापरा.

आणि सगळं लागल्यावर एक चाचणी. नॅसवरचा एक फोल्डर मुद्दाम काढून टाका आणि कालच्या प्रतीतून परत आणा. फोटो उघडून बघा, व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. ही चाचणी घरातल्या आणखी एका माणसाला स्वतःच्या हातानं करू द्या. तोपर्यंत फोनमधलं काहीही डिलीट करू नका.