मे महिन्यातल्या पाण्याची बोट

[दृश्य : बामणोलीचा धक्का, पहाट. धुक्यात बांधलेल्या बोटी. एका बोटीतून कोणीतरी डब्याने पाणी उपसतंय.]

साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून खाली उतरलं, की रस्ता बामणोलीत पाण्यापाशी येऊन थांबतो. पुढे शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं तळं. १९६४ साली कोयना धरण पुरं झालं आणि या खोऱ्यातली भातखाचरं, घरं, देवळं पाण्याखाली गेली. वर सरकलेल्या वाड्यांना मग बाजारही लाँचने, बाळंतीणही लाँचने आणि वऱ्हाडही लाँचने. हौसेची बोट इथे फार उशिरा आली.

या धक्क्यावर दोघे भाऊ आहेत. थोरला पस्तीस वर्षं सुकाणू धरतोय. धाकटा वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांची बुकिंग फोनवर घेतो. त्यांची जुनी लाँच लाकडी आहे, मधोमध डिझेल इंजिन. दरवर्षी दोन-तीन फळ्या बदलायच्या, फटी बुजवायच्या. यंदा ठरलं, नवी घ्यायची. फार मोठी नको, फार छोटी नको. पंचवीस फुटी, बारा माणसांची.

[दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर पांढऱ्या, टोकदार बोटींचे फोटो सरकतायत.]

धाकटा म्हणतो, "दादा, ही बघ. वासोटा अर्ध्या तासात."

थोरला फोटो बघतसुद्धा नाही. "आन् तेल किती पिती?"

प्रश्न कंजूषपणाचा वाटतो, पण त्यात बोटीचं सगळं शास्त्र आहे. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीला वेगाची एक मर्यादा असते आणि ती तिच्या लांबीवर ठरते. पाण्यात बुडालेली लांबी २५ फूट, तिचं वर्गमूळ ५, त्याला १.३४ ने गुणा. साधारण पावणेसात नॉट, म्हणजे ताशी बारा-साडेबारा किलोमीटर. त्यापुढे इंजिन कितीही मोठं बसवा, बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढत राहते आणि तेल जळत राहतं. फोटोतली बोट वेगळ्या जातीची. तिचा तळ चपटा, अंग हलकं. वेग घेतला की ती पाण्यावर उचलली जाते. पण दोन माणसांना उचलणं वेगळं आणि बारा माणसं, त्यांच्या सॅक, पाण्याचे कॅन, वर एक शिधा भरलेलं पोतं यांना उचलणं वेगळं. भरलेली बोट उचललीच नाही, तर मोठ्या इंजिनाचा खर्च तेवढा उरतो.

[दृश्य : एप्रिल. तळ्याचा काठ. लाल मातीच्या पायऱ्या पायऱ्या दिसतायत. एका ठिकाणी जुन्या घराचं जोतं उघडं पडलंय.]

पण या तळ्यात बोट निवडायची म्हणजे वेग ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट खोली.

धरण भरलं की १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी असतं, पातळी समुद्रसपाटीपासून ६५९ मीटर. सप्टेंबरात पर्यटक येतो, फोटो काढतो, त्याला वाटतं तळं असंच असतं. पण हे पाणी इथे राहायला आलेलं नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने ठरवून दिलेलं ६७.५ टीएमसी पाणी वर्षभरात डोंगराच्या पोटातून पश्चिमेला उतरतं, पोफळीला वीज करतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. महाराष्ट्रात दिवे लागतात आणि इथे काठ खाली सरकतो. मे महिन्यात धक्काच पाण्यापासून लांब पडतो. वाळलेल्या झाडांची खोडं, बांधांचे दगड, कधी एखाद्या देवळाचा चौथरा वर येतो, आणि जिथे तो नुसता वितभर पाण्याखाली असतो तिथे बोटीला ढकलणारा, तळाखालचा पंखा तुटतो.

म्हणून आउटबोर्ड. मागे टांगलेलं इंजिन आपटण्याआधी वर उचलता येतं. आत बसवलेल्या डिझेलचा दांडा आणि पंखा तळाखालीच राहतो. तेल मात्र पेट्रोल, म्हणजे महाग. त्यातही बोटीच्या मागच्या फळीची उंची मोजूनच दांडा घ्यायचा, पंधरा इंची की वीस इंची. पाच इंचांची चूक झाली तर पंखा हवा तरी खातो, नाहीतर चिखल.

[दृश्य : कोकणातलं बोटींचं यार्ड. थोरला भाऊ बोटीच्या तळावर बोटाच्या पेरांनी टकटक करत पुढे सरकतोय.]

नवीची किंमत ऐकून दोघे जुन्या बाजारात आले. फायबरची बोट वाजवून बघतात, मडकं बघावं तसं. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय. समुद्रात राबलेल्या इंजिनात मीठ बसलेलं असतं, थंड पाण्याच्या वाटा चोंदलेल्या असतात. गंजाने इंजिनाच्या धातूऐवजी जस्ताला खावं म्हणून समुद्रात जस्ताचे तुकडे लावतात. गोड्या पाण्यात ते नीट काम देत नाहीत, तिथे मॅग्नेशियम लागतं. आणि खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात तीच बोट जरा जास्त बुडते, कारण एक घनमीटर समुद्राचं पाणी १०२५ किलोचं, इथलं हजाराचं. फरक थोडासाच, पण विकणाऱ्याने सांगितलेला आकडा समुद्रातला आहे, एवढं लक्षात ठेवायचं.

बाजारही फिरलाय. कोविडनंतर जगभर हौशी लोकांनी बोटींवर उड्या टाकल्या, मग व्याजदर चढले आणि गिऱ्हाईक थंडावलं. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या बोटींवर आणि यॉटवर जीएसटी ४० टक्के झाला. प्रवासी वाहतुकीच्या बोटीला ५ टक्के. फायबर तेच, इंजिनही तसलंच. तेव्हा बोट कागदावर काय म्हणून नोंदली जाते, ते बयाणा देण्याआधी विचारावं. १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, त्यामुळे नोंदणी आणि तपासणीचे कागदही नीट पाहावे लागतात.

धाकट्याच्या मनात विजेची बोटही आहे. केरळात वायकोमला २०१७ पासून 'आदित्य' ही ७५ माणसांची सौरबोट रोज फेऱ्या मारते. हळू जाणारी, ठरलेल्या वेळेला ठरलेल्या काठाला लागणारी बोट असेल तर हे जमतं. पण वासोट्याला जाऊन-येऊन तीन तास इंजिन चालतं. दहा किलोवॅट धरले तर तीस युनिट, आणि तेवढी बॅटरी अडीचशे-तीनशे किलोची, म्हणजे चार माणसं कमी. शिवाय मेमध्ये लांब सरकलेल्या पाण्यापर्यंत वायर कोण ओढणार? ज्या कोयनेच्या पाण्यावर १९६० मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे, तिच्या काठावर हा प्रश्न विचारावा लागतो, याचं थोरल्याला हसू येतं.

[दृश्य : बामणोली, मे. थोरल्याच्या हातात लांब वेळू, त्यावर कोयत्याने केलेल्या दोन खुणा.]

यार्डवाल्याने विचारलं होतं, स्पीड किती हवा? थोरल्याने उलट विचारलं, "बारा माणसं भरल्यावर तळ किती बुडतो? आन् पंखा?" आलेले दोन्ही आकडे त्याने या वेळूवर कोरले. जुनी लाँच हळू सोडून दोघे तापोळ्याकडच्या काठाने निघाले, मग वळून वासोट्याच्या पायथ्याच्या मेटइंदवलीकडे. धाकटा पुढच्या टोकाला, नाळेवर, दर पन्नास हातांवर वेळू टाकत.

तळाच्या खुणेपर्यंत पाणी सगळीकडे लागलं. पंख्याच्या खुणेपर्यंत तीन ठिकाणी नाही. तिन्ही जागा धाकट्याने फोनवर नोंदवून घेतल्या.

"इथं इंजिन उचलायचं," थोरला म्हणाला, आणि दुपारी त्याने यार्डवाल्याला फोन लावला.